वासाचा चहा: फ्लेवर्ड टी असतो तरी काय, आणि तो चाखायचा कसा?

डिसेंबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एक खुलासा काढला. चहाच्या झाडापासून न बनलेल्या पेयाला पाकिटावर ‘टी’ म्हणता येणार नाही. ‘हर्बल टी’, ‘फ्लॉवर टी’, ‘रूईबॉस टी’ अशा नावांनी गिऱ्हाइकाची दिशाभूल होते, असं त्यात म्हटलं होतं. बातमी आली आणि आमच्याकडे विदर्भात चर्चा भलतीकडेच गेली. ‘म्हंजे आता गवती चहा बंद का?’ नाही बाप्पा. परसातल्या गवती चहाला कोणी हात लावत नाही. नियम विकायच्या मालाच्या नावापुरता आहे.

पण त्या निमित्ताने हा फ्लेवर्ड टी नावाचा प्रकार काय आहे, हे विचारणारे बरेच भेटले. दिवाळीला पुण्याहून आलेली पोरं पीच, कॅमोमाइल, लेमन-हनी असले डबे घेऊन येतात. घरी कोणीतरी त्यातली टी-बॅगची पुडी दूध-साखरेत खळखळा उकळतं, एक घोट घेतं, ‘हे कायचं पाणी होय’ म्हणतं आणि डबा फळीवर जाऊन बसतो. पुढच्या दिवाळीला तो तिथेच सापडतो. कधी डबाच सुमार असतो, हे खरं. बहुतेक वेळा मात्र तो बनवताना मारला गेलेला असतो. कारण या चहाचं सगळं मोल वासात आहे आणि आपली चहा करायची रीत वास उडवून लावणारी आहे.

## आधी झाड ओळखून घेऊ

चहाचं झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे दोन मुख्य वाण: लहान पानाचा चिनी आणि मोठ्या पानाचा आसामी. हिरवा, ऊलाँग, काळा हे सगळे चहा याच झाडाच्या पानांचे. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. पान चुरगळलं की आतला रस हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतो आणि पान काळपट पडत जातं. याला ऑक्सिडेशन म्हणतात. पान ताजं असतानाच गरम करून ही क्रिया थांबवली तर हिरवा चहा, अर्ध्यात थांबवली तर ऊलाँग, पुरती होऊ दिली तर काळा.

आपण रोज जी गोळीदार चहापत्ती वापरतो तिला सीटीसी म्हणतात. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, गोळी वळवून ती बनते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात हे तंत्र आलं आणि भारतातला बहुतांश चहा आज असाच तयार होतो. रंग पटकन सुटतो, चव कडक येते, दुधाला भारी पडते. पान न फाडता फक्त वळून सुकवलेल्या चहाला ऑर्थोडॉक्स म्हणतात. नाजूक वासासाठी हा दुसरा बरा, कारण सीटीसीची स्वतःची चव इतकी दांडगी की मोगरा असो की संत्रं, तिच्यापुढे टिकत नाही.

आता दुकानातल्या त्या रंगीत डब्यांचे दोन भाग पाडा. एका भागात खरा चहा असतो आणि त्याला वास लावलेला असतो: जास्मिन, अर्ल ग्रे, लेमन टी. दुसऱ्या भागात चहा मुळीच नसतो: कॅमोमाइल ही फुलं, रूईबॉस ही दक्षिण आफ्रिकेतली एक झुडूपवजा वनस्पती, हिबिस्कस म्हणजे अंबाडीची लाल बोंडं. एफएसएसएआयचा आक्षेप या दुसऱ्या भागातल्या मालाच्या नावाला आहे, मालाला नाही. या तिन्हींत कॅफीनही नसतं. संध्याकाळी चहा घेतला की ज्यांची झोप उडते त्यांनी डबा घेताना तेवढं बघून घ्यावं.

## चव जिभेवर कमी, नाकात जास्त

बडीशेपेचे चार दाणे घ्या, नाक चिमटीत घट्ट दाबा आणि चावा. थोडं गोड लागेल, बस. आता नाक सोडा. बडीशेप एकदम ‘येते’. ती जिभेवर नव्हतीच. घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात गेली तेव्हा कळली.

जीभ ओळखते ती गोड, खारट, आंबट, कडू आणि पाचवी उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्यातली ती भरीव चव. संत्रं, मोगरा, वेलची, आंबा यांची खास ओळख जिभेला कळत नाही. ते सगळं वासाचं काम. वास म्हणजे हवेत उडणारे रेणू. उडतात म्हणून नाकापर्यंत पोचतात, आणि उडतात म्हणूनच उकळीच्या वाफेबरोबर किंवा उघड्या डब्यातून निघूनही जातात. फ्लेवर्ड चहाचं सगळं सुखदुःख या एका गोष्टीत आहे. पाणी किती तापवायचं, दूध घालायचं का, डबा कुठे ठेवायचा, सगळ्यांची उत्तरं इथूनच निघतात.

## वास पत्तीत शिरतो कसा?

लोखंडी पेटीत डांबरगोळ्या टाकून ठेवलेली कापसाची रजई आठवा. गोळी रजईला कुठे चिकटलेली नसते, तरी थंडीत बाहेर काढली की अख्खी रजई वास मारते. सुकी चहापत्ती तशीच. ती सच्छिद्र असते, आजूबाजूचा ओलावा आणि वास ओढून घेते. किराणा दुकानात चहाचं पोतं अगरबत्तीशेजारी ठेवलं असेल तर त्या चहात देवघर उतरतं, हे पुष्कळांनी अनुभवलं असेल. तोच दुर्गुण चिनी कारागिरांनी शतकानुशतकं कामाला लावला.

फुजियान प्रांतातलं फूझौ हे जास्मिन टीचं माहेर. पाकिटावर जास्मिन वाचून आपण चमेली समजतो, पण त्यासाठी मुख्यतः लागतो तो मोगरा. दुपारी टपोऱ्या कळ्या तोडतात. सांजेला त्या उमलू लागल्या की पत्तीत मिसळतात आणि रात्रभर ठेवतात. सकाळी फुलं चाळून काढतात, फुलांच्या ओलाव्याने दमट झालेली पत्ती पुन्हा सुकवतात, आणि रात्री नवी फुलं. उंची चहासाठी हे कित्येक रात्री चालतं. पान वसंतात खुडलेलं असतं, मोगरा उन्हाळ्यात येतो, त्यामुळे पत्ती फुलांसाठी मुद्दाम राखून ठेवावी लागते. शेवटी पाकिटात फुलं जवळपास उरतच नाहीत. वरून पांढऱ्या पाकळ्या भरपूर दिसल्या तर त्या बहुधा दिखाऊपणासाठी टाकलेल्या असतात.

त्याच प्रांतात वुयीच्या डोंगरात लापसांग सूचाँग नावाचा चहा बनतो. देवदारासारख्या चीड झाडाच्या लाकडाचा धूर देऊन पत्ती सुकवतात. आपल्याकडे चुलीवरच्या चहाला धूर लागला की शहरातला पाहुणा कौतुक करतो आणि घरची बाई मात्र पातेल्यावर झाकण न ठेवल्याबद्दल बोलणी खाते. तिकडे तोच धूर मुद्दाम लावतात आणि चढ्या भावाने विकतात.

बाजारातला बाकी बहुतेक माल मात्र तेलाचा. सुक्या पत्तीवर सुगंधी तेल किंवा अर्क फवारतात आणि मोठ्या पिंपात घोळवतात. यातला सगळ्यांत नावाजलेला अर्ल ग्रे. त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकतं. नाव पडलं ते चार्ल्स ग्रे या ब्रिटिश उमरावावरून. १८३० ते १८३४ तो तिथला पंतप्रधान होता. नाव कसं पडलं याच्या कथा पुष्कळ, विश्वास ठेवण्याजोग्या कमी. पीच, स्ट्रॉबेरी, वाइल्ड बेरी यांतही वास तेला-अर्काचाच. सोबत फळांचे जे वाळलेले तुकडे दिसतात त्यांनी डोळ्यांचं समाधान होतं, कपात फारसं काही उतरत नाही.

एक वास असाही आहे जो कोणी लावत नाही. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराच्या, मे-जूनच्या चहाला ‘मस्कटेल’ नावाचा, पिकल्या द्राक्षाकडे झुकणारा एक सुगंध येतो. तो येण्यात तुडतुड्यांचा मोठा हात आहे. हो, तुडतुडेच! कपाशीची पानं कोकडवणाऱ्या किडीचे जातभाई. ते कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पुढे कपात उतरतात. तैवानमधला ‘ओरिएंटल ब्यूटी’ नावाचा महागडा ऊलाँग तर या किडीवरच उभा आहे. तुडतुडे हवेत म्हणून तिथे त्या मळ्यांत कीटकनाशक टाळतात. आपल्याकडे फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला हे सांगून पाहा, काय उत्तर येतं ते.

## पाकिटावरचं बारीक अक्षर

वास लावलेल्या चहाच्या पाकिटावर ‘फ्लेवर्ड टी’ असं लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे. वास कुठल्या जातीचा आहे तेही बारीक अक्षरात असतं. ‘नॅचरल’ म्हणजे तो खऱ्या वनस्पतीतून काढलेला. ‘नेचर-आयडेंटिकल’ म्हणजे रेणू निसर्गात सापडतो तोच, पण कारखान्यात बनवलेला. ‘आर्टिफिशियल’ म्हणजे निसर्गात न सापडणारा.

‘कारखान्यात बनवलेला म्हणजे विष’ असं लगेच म्हणू नका. परवानगी असलेलं द्रव्य ठरलेल्या प्रमाणात असेल तर भीतीचं कारण नाही. माझी तक्रार चवीची आहे. खऱ्या मोगऱ्याचा वास अनेक रेणूंचा मिळून बनतो. स्वस्त अर्कात त्यातले दोन-तीनच असतात. त्यामुळे डबा उघडताच भपकारा येतो, पहिला घोट जोरदार लागतो आणि तिसऱ्या घोटाला तोंडात साबण राहतो. डबा उघडल्यावर सगळ्या खोलीत वास पसरला, तर तो चहा मी विकत घेत नाही. पाकिटावर चहापत्तीबद्दल एक अक्षर नसेल, फक्त फळाचं चित्र असेल, तरीही नाही. पत्ती चांगली असली तर विकणारा तिचं गाव, बाग, प्रकार काहीतरी सांगतोच.

## ‘दूध नाही, उकळी नाही, मंग चहा कशाले म्हणायचं?’

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वासातच आहे. दुधात दोन गोष्टी असतात. प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, म्हणून दुधाचा चहा घशाला मऊ लागतो. आणि दुधातली स्निग्धता वासाच्या रेणूंना धरून ठेवते, कारण त्यातले बरेच रेणू तेलात विरघळणारे असतात. ते दुधातच अडकून राहिले की नाकापर्यंत येणार कुठून? म्हशीच्या दुधात स्निग्धता जास्त, म्हणजे ही पकडही जास्त.

मग आलं-वेलचीचा चहा दुधात एवढा उठून कसा लागतो? कारण आल्या-मिऱ्याचा मुख्य गुण वासाचा नाहीच, तो झोंबण्याचा आहे. आल्यातलं जिंजेरॉल आणि मिऱ्यातलं पायपरिन सहज उडून जात नाहीत. उकळलं तरी राहतात आणि तोंडातल्या उष्णता जाणवणाऱ्या नसांना चेतवतात. लवंग-दालचिनीही दणकट. वेलची मात्र त्यांच्यातली हळवी, म्हणून ती शेवटी कुटून टाकून झाकण ठेवायचं. आपली आजी हे न शिकता करत होती. मसाला चहा हाही फ्लेवर्ड टीच, फक्त दूध आणि उकळी सोसणारे वास निवडून बनवलेला.

जाता जाता आल्याचं एक: कच्चं आलं दुधात पडलं की चहा फाटतो, तो आल्यातल्या प्रथिनं तोडणाऱ्या पाचकद्रव्यामुळे. आधी पाण्यात आलं चांगलं उकळून घेतलं की ते द्रव्य निकामी होतं आणि मग दूध घातलं तरी चालतं.

नाजूक चहाची रीत उलटी. पाणी वेगळं उकळायचं, खाली उतरवायचं, पत्तीवर ओतायचं आणि झाकायचं. काळ्या चहाला उकळतं पाणी चालतं, तीन मिनिटं पुरे. हिरव्याला ७० ते ८० अंश हवं. त्याहून गरम ओतलं तर तो कडू होतो आणि लोक म्हणतात ग्रीन टी कडूच असतो. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओता. दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. हिरव्याला दोन मिनिटं. मग पत्ती बाहेर. कपात पडू दिली तर तुरटपणा वाढत जातो. अंबाडी, कॅमोमाइल अशांना मात्र पाच-सात मिनिटं द्यायला हरकत नाही.

साखरेवरून कोणी नाक मुरडलं तर लक्ष देऊ नका. थोडी साखर वासाचं काही बिघडवत नाही. उलट फळांचा वास गोडाबरोबर जास्त खुलतो. आमच्याकडच्या प्रमाणात, म्हणजे चमचा उभा राहील इतकी, मात्र नको.

## पाणी कोणतं?

इथे विदर्भातल्या माणसाने जरा थांबावं, कारण आपली अर्धी गोम पाण्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूरकडच्या बोअरचं पाणी तोंडात घेतलं की कळतंच. आलं-साखर-दुधाचा चहा त्या खारटपणावर मात करतो, कदाचित म्हणूनच आपल्याकडे तो इतका कडक आणि गोड होत गेला असेल. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण जास्मिन किंवा दार्जिलिंग अशा पाण्यात केला तर तो फुकट गेला समजा.

खारं नसलं तरी बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार जास्त असतात. कोऱ्या चहावर थोड्या वेळाने तेलकट, चकाकणारी साय येते ना, ती तेल नव्हे. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्यं हवेच्या संपर्कात एकत्र येऊन तो पापुद्रा धरतात. लिंबाचे दोन थेंब टाकले की तो मोडतो. जड पाण्यात चहाचा रंग गढूळ होतो, वासही दबतो. गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी या कामाला चांगलं. पिण्याला ते काहींना सपक लागतं, पण नाजूक चहाला तोच सपकपणा मानवतो.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चहाचं झाडही मातीतून फ्लोराइड ओढून पानात साठवतं, जून पानात जास्त. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. अशा गावांत चहासाठीही शुद्ध केलेलंच पाणी वापरायचं.

## आपल्या अंगणातले वास

डबा विकत घेण्याआधी घरचं करून पाहण्यात मजा आहे, आणि त्यातून विकतचा डबा तोलायची अक्कलही येते.

मोगऱ्यापासून सुरुवात करा. मार्च ते जून आपल्याकडे मोगरा भरात असतो. थोडी ऑर्थोडॉक्स किंवा हिरवी पत्ती आणा. सांजेला, उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या तोडा; त्या घरच्या, बिनफवारणीच्या हव्यात, गजऱ्याच्या नकोत. कोरड्या स्टीलच्या डब्यात पत्ती आणि कळ्यांचे थर द्या, झाकण लावा. सकाळी फुलं न चुकता वेचून काढा, नाहीतर ती कोमेजून कुबट वास देतात. पत्ती सावलीत कापडावर पसरा. आपल्या उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत कुरकुरीत होते. तीन-चार रात्री असं केलं की चहा तयार. फूझौची सर येणार नाही, पण बाजारातल्या पुष्कळ डब्यांना हा चहा मागे टाकतो.

संत्र्याची गंमत वेगळी. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात संत्र्याची साल उकिरड्यावर जाते आणि आपण ‘ऑरेंज टी’ विकत आणतो. सालीच्या वरच्या केशरी थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, खालचा पांढरा थर कडू. साल वाळवली की तेल बरंचसं उडतं, म्हणून वाळक्या तुकड्यांच्या चहाला वास कमी आणि कडवटपणा जास्त येतो. कंपन्या वरून तेल फवारतात ते यासाठीच. आपल्याकडे ताजी साल आहे, तर सरळ रस्ता धरावा: फळ नीट धुऊन घ्यायचं, कोरा चहा कपात ओतला की सालीचा तुकडा केशरी बाजू खाली करून कपावर दुमडायचा. बारीक तुषार उडतो, तेच तेल. हा अर्ल ग्रे होत नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनिन हे एकच सुगंधी द्रव्य असतं. बर्गमॉटमध्ये त्याच्या जोडीला लिनालूल आणि त्याचा एक भाऊबंद असतो, त्यांचा वास फुलांकडे जाणारा. संत्र्याचा चहा साधा, उघड आणि हसरा लागतो. मला तो जास्त आवडतो.

अंबाडीचं तर विचारूच नका. इजिप्त-सुदानात कर्कदे म्हणून जे लाल पेय पितात आणि शहरातल्या कॅफेत जे हिबिस्कस म्हणून येतं, ती लाल अंबाडीची बोंडं. आपण त्यांचं सरबत करतो, चटणी करतो, थंडीत बाजारात ढिगाने पाहतो. बिया काढून वाळवलेल्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवल्या की झालं. आंबट असतं, गूळ चांगला लागतो. यात दूध घालाल तर फाटेल.

गोकर्णाच्या निळ्या चहाचं सध्या फार कौतुक चाललंय. लिंबू पिळलं की निळा रंग जांभळा होतो, पोरं खूष होतात. चव जवळजवळ काही नसते. एकदा करून दाखवावा आणि मोकळं व्हावं.

## बशीतून फुर्र

चाखण्याची रीत तुम्हाला आधीच येते. कोलकात्यात १८६१ पासून आणि गुवाहाटीत १९७० पासून चहाचे लिलाव होतात. तिथले पारखी चमच्यात चहा घेऊन मोठ्याने भुरका मारतात. भुरका मारला की चहाचे तुषार होऊन तोंडभर पसरतात आणि वास मागच्या वाटेने वर नाकात चढतो. म्हणजे बशीत ओतून, थोडा निववून, फुर्र करून पिणारे आपले आजोबा पारख्याचंच काम करत होते. सुनेच्या माहेरची माणसं समोर असताना त्यांना उगाच दटावलं.

एकच चहा एकटा चाखून फारसं कळत नाही. दोन कप शेजारी ठेवा: एकात वास लावलेला, दुसऱ्यात तसाच साधा, पाणी तेच, वेळ तीच. आधी भिजलेली पत्ती हुंगा, मग भुरका. वास कुठे संपतो आणि पत्ती कुठे सुरू होते ते मग उमगतं. कप निवत जाताना पुन्हा चाखा. भडक अर्क गार होताना उघडा पडतो. आणि खर्रा खाल्लेल्या तोंडाने किंवा तर्री-पोह्यावर हा उद्योग करू नये. जिभेची आग शांत व्हायला वेळ लागतो, तंबाखूने तर नाकही बसतं.

मे महिन्यात गरम कप नको वाटत असेल तर गार चहा करा. चांगल्या पाण्यात हिरवी किंवा मोगऱ्याची पत्ती टाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. थंड पाण्यात तुरट द्रव्यं आणि कॅफीन कमी उतरतात, त्यामुळे तो मऊ होतो. बाहेर, आपल्या उकाड्यात, रात्रभर ठेवू नका. पाणी खराब होतं.

## ‘तब्येतीले चांगला असते म्हंतात?’

म्हणतात खरं, विकणारे जास्त म्हणतात. हिरव्या चहाने वजनात फार तर किरकोळ फरक पडतो. ‘डिटॉक्स’ या शब्दावर पैसे घालवू नका, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करतात. काही ‘स्लिमिंग’ मिश्रणांत सोनामुखी असते, ती जुलाबाची वनस्पती आहे. वजन उतरल्यासारखं वाटतं ते पाणी गेल्यामुळे.

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट लोहाची. चहातली तुरट द्रव्यं जेवणातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. आपल्याकडे बाया-पोरींमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं, आणि भाकरीसोबत किंवा जेवल्याबरोबर चहा ही सवयही मोठी. चहा कुठलाही असो, जेवणापासून तासभर दूर ठेवावा. रक्तवाढीच्या गोळ्या तर चहासोबत कधीच घेऊ नयेत.

अंबाडीच्या पेयाने रक्तदाब थोडा उतरू शकतो आणि ज्येष्ठमधाने वाढू शकतो. बीपीची गोळी चालू असणाऱ्याने किंवा गरोदर बाईने यातलं काही रोज घ्यायचं ठरवलं तर आधी डॉक्टरांना विचारावं. कधीमधीच्या कपाची चिंता नको.

चकचकीत, जाळीदार, तिकोनी पुड्यांबद्दल एक शंका रास्त आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या अशा पुड्या ९५ अंशाच्या पाण्यात ठेवून पाहिल्या, तेव्हा एका पुडीतून अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिक कण सुटले. त्यांचा शरीरावर नेमका परिणाम काय, हे अजून शोधलं जातंय. पण सुटी पत्ती आणि स्टीलची गाळणी घरात असताना ती पुडी हवीच कशाला?

## ‘एवढे पैसे कशाचे?’

हिशोब करून पाहा. टी-बॅगमध्ये साधारण दोन ग्रॅम चहा असतो, म्हणजे २५ पुड्यांच्या डब्यात ५० ग्रॅम. डबा २०० रुपयांचा असेल तर किलोला ४,००० रुपये झाले. त्या भावात चांगली सुटी ऑर्थोडॉक्स पत्ती येते आणि पुडीत बहुधा बारीक चुराच असतो. एक चांगली पत्ती घ्यावी आणि वास घरचा लावावा, हा माझा कौल. विकत घ्यायचाच झाला तर अर्ल ग्रे किंवा जास्मिन घ्या, कारण त्या दोहोंत पत्ती आणि वास यांची जोडी फार पूर्वीपासून जमलेली आहे. फळांचे डबे शेवटी.

पहिल्यांदा ५० ग्रॅमच मागवा. वास लावलेला चहा साध्या चहापेक्षा लवकर उतरतो, लिंबू-संत्र्याचे वास तर काही महिन्यांत मंदावतात. हवाबंद स्टीलचा डबा, चुलीपासून आणि मसाल्याच्या डब्यापासून दूर. दोन वासांचे चहा एका डब्यात नकोत. संत्र्याच्या सालीसाठी मात्र साठवणीची भानगडच नाही; नोव्हेंबर लागला, संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळी पीक, तुटायला लागला की कोणाच्याही वाडीवर मागा, साल कोणी मोजून देत नाही.